जव्हार-मोखाडा भागातील परसबाग

जव्हार-मोखाडा भागातील परसबाग म्हणजे महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत घराभोवतालच्या अंगणात, शेताच्या बांधावर किंवा ओहोळाकाठच्या लहान तुकड्यावर मुख्यतः घरच्या खाण्यासाठी भाजीपाला, कंद आणि फुले पिकवण्याची पद्धत होय. या दोन्ही तालुक्यांत अनुसूचित जमातींचे प्रमाण लोकसंख्येच्या नव्वद टक्क्यांहून अधिक असून वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी हे येथील प्रमुख समाज आहेत. पावसाळ्यातील वेलभाज्यांची परसबाग ही येथील जुनी आणि बाहेरच्या मदतीविना चालत आलेली पद्धत आहे. हिवाळी व उन्हाळी परसबाग त्या मानाने नवी असून ती स्वयंसेवी संस्था, अंगणवाड्या, शाळा आणि शासकीय योजनांच्या प्रयत्नांतून पसरली. या दुसऱ्या प्रकाराच्या यशापयशाचा संबंध माती वा बियाण्यापेक्षा पाण्याशी आणि हंगामी स्थलांतराशी अधिक आहे.

## भूप्रदेश आणि हवामान

जव्हार आणि मोखाडा हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील पठारी, दऱ्याखोऱ्यांच्या प्रदेशात आहेत. जव्हार शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर असून ते मुकणे घराण्याच्या जव्हार संस्थानाची राजधानी होते. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले व हा भाग ठाणे जिल्ह्यात गेला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत.

येथे वर्षाला साधारण दोन ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मात्र तो जवळजवळ संपूर्णपणे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. खडक बेसाल्टचा, माती उथळ व मुरमाड आणि उतार तीव्र असल्याने पाणी फार काळ थांबत नाही. जव्हार तालुक्यातील दाभोसा येथे हे चित्र ठळकपणे दिसते. लेंडी नदीवरील दाभोसा धबधबा सुमारे ३०० फूट उंचीवरून कोसळतो आणि पावसाळ्यात तो पाहण्यासाठी पर्यटकांची गर्दी होते. पण हे पाणी दरीत उतरते आणि वस्ती व शेती पठारावर राहते. फेब्रुवारी-मार्चपासून अनेक पाड्यांवर पिण्याच्या पाण्यासाठीही विहिरीच्या तळाशी उतरावे लागते. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्याच्या हद्दीत आहे, ही गोष्ट या टंचाईच्या चर्चेत वारंवार निघते आणि ती गैरलागू नाही.

या प्रदेशातील मुख्य पिके भात, नागली (नाचणी), वरई, उडीद, तूर आणि खुरासणी ही आहेत. भात खाचरात, तर नागली, वरई व खुरासणी उताराच्या वरकस जमिनीवर घेतली जाते. भाजीपाल्यासाठी वेगळे शेत राखण्याची पद्धत पूर्वी नव्हती. भाजी रानातून येई किंवा परसातून.

## जमिनीचे स्वरूप

परसबागेसाठी वापरली जाणारी जमीन सर्वत्र सारखी नसते. वारली व कोकणा कुटुंबांच्या घराभोवती सहसा थोडे मोकळे अंगण असते. घरे एकमेकांपासून अंतर ठेवून बांधलेली असल्याने मांडवाला आणि आळ्यांना जागा मिळते. याच्या उलट, बहुतांश भूमिहीन असलेल्या कातकरी समाजाच्या वस्त्यांत घराला घर लागून असते. तेथे परसबाग म्हणजे कुडालगत लावलेला एखादा भोपळ्याचा वेल किंवा मातीने भरलेल्या जुन्या पोत्यातील मिरचीची रोपे, एवढीच राहते. परसबागेच्या कार्यक्रमांचे हिशेब कुटुंबांच्या संख्येवर मांडले जातात, तेव्हा हा फरक नजरेआड होतो.

घरापासून दूर असलेल्या तुकड्यांना येथे बोलीत ‘प्लॉट’ म्हणतात. वनजमिनीचा तुकडा एका वर्षापुरता कसण्यास देण्याच्या पद्धतीला ‘एकसाली’ असे नाव होते. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्यान्वये नगरपालिका वा परगणे नागरिकांना भाजीपाल्यासाठी लहान तुकडे भाड्याने देतात. त्या तुकड्याचे परंपरागत क्षेत्र सुमारे २५० चौरस मीटर, म्हणजे अडीच गुंठे असते. एकसाली प्लॉट आणि हे तुकडे यांत ‘दुसऱ्याच्या जमिनीवर आपली मेहनत’ एवढे साम्य आहे; परंतु ब्रिटिश तुकडा हा उपजीविकेला जोड म्हणून असतो, तर एकसाली प्लॉट ही अनेकदा कुटुंबाची एकमेव शेती असे. वर्षभरानंतर जमीन आपल्याकडे राहील की नाही याची खात्री नसलेला माणूस तेथे नागली पेरतो, पण शेवगा लावत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर कमाल चार हेक्टरपर्यंत हक्क मिळण्याची तरतूद झाली. ज्यांना असे पट्टे मिळाले, त्यांना बांधावर झाडे लावणे, कुंपण घालणे आणि पाणी साठवण्याचा खड्डा खोदणे या गोष्टी प्रथमच शहाणपणाच्या ठरल्या.

## पावसाळी परसबाग

पावसाळी परसबागेची तयारी मे महिन्यात सुरू होते. दार किंवा कुडापासून थोड्या अंतरावर हात-दीड हात खोल आळी खणून त्यांत कुजलेले शेणखत, चुलीची राख आणि पालापाचोळा भरतात. पहिला चांगला पाऊस झाला की प्रत्येक आळ्यात तीन-चार बिया टोचल्या जातात व उगवल्यानंतर जोमदार दोन रोपे राखली जातात. काकडी, भोपळा, दुधी, शिराळे (दोडका), घोसाळे, पडवळ आणि कारले हे यांतील नेहमीचे वेल. भात-नागलीच्या रोपांसाठी जो राब भाजतात, त्या जागेच्या कडेलाही काकडी व भोपळ्याच्या बिया टाकण्याची पद्धत आहे. भाजलेल्या मातीत तण कमी उगवते आणि राख आयतीच मिळते.

वेल चढवण्यासाठी बांबू आणि रानातील काटक्यांचा मांडव घालतात. मांडव नसेल तर वेल सरळ घराच्या छपरावर सोडला जातो. मांडवाखालची जागा वाया जात नाही. तेथे सावली सोसणारी हळद, आले आणि अळू लावतात. सांडपाणी जेथे जाते तेथे अळू व केळ हमखास असते. मोकळ्या जागेत माठ, भेंडी, गवार, चवळी, अंबाडी, मिरची आणि वांगी असतात. अतिवृष्टीत रोपांची मुळे कुजू नयेत म्हणून या भाज्या वीतभर उंचीच्या गादीवाफ्यावर घेणे आवश्यक असते. सपाट वाफ्यात लावलेली मिरची जुलैच्या झडीत बहुधा टिकत नाही.

हंगामाचा क्रम ठरलेला असतो. माठ पेरल्यापासून साधारण महिनाभरात कापणीस येतो. भेंडी दीड-पावणेदोन महिन्यांत, तर काकडी व शिराळी श्रावणापासून मिळू लागतात. भोपळा सर्वांत शेवटी तयार होतो. हे वेळापत्रक महत्त्वाचे आहे, कारण आषाढ ते भाद्रपद हे येथील टंचाईचे महिने आहेत. गतवर्षीचे धान्य संपत आलेले असते, नवे भात अजून शेतात असते, लावणी-बेणणीचे काम जोरात असते आणि रोख मजुरी तुरळक मिळते. या काळात ताटात पडणारी हिरवी भाजी ही प्रामुख्याने रान आणि परस यांचीच देणगी असते.

वेलभाज्यांच्या अडचणी सगळीकडे सारख्याच आहेत. उगवत्या रोपांची पाने तांबडे भुंगेरे कुरतडतात. त्यावर सकाळी पाने ओली असताना राख भुरभुरणे हा प्रचलित उपाय आहे. फळमाशी कोवळ्या काकडी व कारल्यात अंडी घालते. त्यासाठी किडलेली फळे गोळा करून खोल पुरणे आणि चांगली फळे पानांत किंवा कागदात गुंडाळणे उपयोगी पडते. सलग झडीच्या दिवसांत मधमाश्या फिरत नाहीत, मादी फुले फळ न धरता पिवळी पडून गळतात. अशा वेळी सकाळी नर फूल खुडून मादी फुलावर हलकेच घासल्यास फळधारणा होते. देठाशी बारीक फळाचा आकार असलेले फूल मादी आणि नुसत्या लांब देठाचे फूल नर, ही ओळख शाळेतील परसबागेत मुलांना शिकवली जाते. घरच्या भोपळ्यावर ते ज्ञान ती लगेच वापरून पाहतात.

## रान आणि परस यांतील देवाणघेवाण

जव्हार-मोखाड्यात रानभाजी आणि परसभाजी यांच्यातील सीमारेषा पुसट आहे. पहिल्या पावसानंतर शेवळा, टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी आणि बांबूचे कोंब रानातून किंवा बांधावरून आणले जातात. वारली समाजात हंगामाची पहिली रानभाजी देवाला दाखवल्यावाचून खाऊ नये असा रिवाज आहे. यातील काही वनस्पती मात्र हळूहळू परसात आल्या आहेत.

करटोली हे त्याचे चांगले उदाहरण आहे. या वेलाचे नर आणि मादी रोप वेगळे असते आणि तो जमिनीतील कंदापासून दरवर्षी फुटतो. बियांपासून लावल्यास फूल येईपर्यंत रोप नर की मादी हे कळत नाही. म्हणून रानात फुले आली असतानाच मादी वेलावर खूण करून ठेवतात व नंतर त्याचा कंद काढून परसात लावतात. आठ-दहा मादी वेलांमागे एक नर वेल पुरेसा असतो. पण तो नसेल तर एकही फळ धरत नाही. फळ येत नाही म्हणून नर वेल उपटून टाकण्याची चूक नवखे लोक करतात.

करांदा, कोनफळ आणि सुरण हे कंदही कुंपणालगत लावले जातात. त्यांना सिंचन लागत नाही. पावसाळ्यात वेल वाढतो, हिवाळ्यात वाळतो आणि कंद जमिनीत सुरक्षित राहतो. शेवगा व हादगा ही दोन झाडे कुंपणाचे खांब म्हणूनही उपयोगी पडतात आणि त्यांची पाने, फुले व शेंगा खाल्ल्या जातात.

## बियाणे

पावसाळी वेलभाज्यांचे बियाणे पूर्वापार घरीच राखले जाते आणि हे काम बहुतेक ठिकाणी स्त्रियांकडे असते. बियाण्यासाठी वेलावरचे पहिले किंवा शेवटचे फळ न घेता मधल्या बहरातील निरोगी फळ वेलावरच पूर्ण पिकू देतात. काकडीच्या बिया धुऊन राखेत चोळून वाळवतात. काही घरांत त्या शेणात मिसळून कुडाच्या भिंतीवर थापून ठेवल्या जातात आणि पुढील मृगात भिंतीवरून खरवडून घेतल्या जातात. भोपळ्याच्या व दुधीच्या बिया वाळलेल्या दुधीच्या पोकळ कवचात राखेसह भरून, चुलीच्या धुराजवळ टांगून ठेवण्याची पद्धतही आढळते. राख ओलावा शोषते आणि धुरामुळे भुंगा लागत नाही.

संकरित बियाण्यांच्या पुड्या बाजारात मिळू लागल्यानंतर ही साखळी काही पाड्यांवर तुटली. संकरित वाणाचे बी पुढील वर्षी पेरले तर मूळ गुण टिकत नाहीत, त्यामुळे दरवर्षी पुडी विकत घ्यावी लागते. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने जव्हार तालुक्यात स्थानिक वाणांचे संकलन व सामुदायिक बियाणे बँकेचे काम केले आहे. याच संस्थेच्या सहकार्याने अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी देशी भाजीपाल्याच्या वाणांचे जतन केले. त्यांना २०२० सालचा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. अकोल्याचा आदिवासी पट्टा सह्याद्रीच्या त्याच रांगेत असल्याने तेथील अनुभव जव्हार-मोखाड्यालाही बऱ्याच प्रमाणात लागू पडतो.

## हिवाळी परसबाग आणि पाणी

भात कापणीनंतर, म्हणजे साधारण कार्तिकापासून, हिवाळी परसबागेचा हंगाम सुरू होतो. वांगी, टोमॅटो, मिरची, मुळा, मेथी, पालक, कोथिंबीर, वाल आणि कांद्याची पात ही यातील मुख्य पिके आहेत. खाचरातील ओलीवर वाल व हरभरा कोरडवाहू येतो. बाकी सर्वांना पाणी द्यावे लागते. पावसाळ्यातील गादीवाफे मोडून या हंगामात सपाट किंवा किंचित खोलगट वाफे करतात, जेणेकरून दिलेले पाणी मुळाशी थांबेल.

पाण्याचा हिशेब साधा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात भाजीपाल्याला दिवसाला सुमारे चार मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एक गुंठ्याच्या (सुमारे १०० चौरस मीटर) बागेला रोज ४०० लिटर पाणी हवे. पंधरा लिटरच्या हंड्याने मोजल्यास हे सव्वीस-सत्तावीस हंडे होतात. पाणी डोक्यावरून आणावे लागत असेल तर ही बाग अशक्य आहे. म्हणूनच विहीर, बोअरवेल किंवा ओहोळ जवळ नसलेल्या पाड्यांवर हिवाळी परसबाग प्रत्यक्षात वीस-पंचवीस चौरस मीटरवर येऊन ठेपते. तेवढ्या तुकड्यालाही रोज पाच-सहा हंडे लागतात. त्यातील बराच भाग भांडी, हातपाय आणि भाजी धुतलेल्या पाण्यातून भागवला जातो.

पाण्याची ही मर्यादा सैल करण्यासाठी अनेक उपाय वापरात आहेत. पावसाळा संपताना वाहत्या ओहोळावर माती-वाळूने भरलेली पोती रचून वनराई बंधारे घातले जातात. ते पुढील पावसात वाहून जातात, पण तोपर्यंत महिना-दोन महिने पाणी अडवून ठेवतात. प्लास्टिकचे अस्तर लावलेल्या खड्ड्यात पावसाचे पाणी साठवून ते उन्हाळ्यात कलमांना व वेलांना देण्याची जलकुंडाची पद्धत कोकणात रूढ आहे. वेलाच्या आळ्यात तळाशी बारीक भोक असलेले मातीचे मडके पुरून ते दोन-तीन दिवसांनी भरणे, तसेच वाफ्यावर भाताचा पेंढा व पालापाचोळा पसरणे, हे उपाय बिनखर्चाचे आहेत. पेंढ्याला मात्र गुरांच्या वैरणीची स्पर्धा असते, त्यामुळे पालापाचोळाच अधिक वापरला जातो.

पाण्याखालोखालची अडचण कुंपणाची. भात निघाल्यानंतर गुरे व शेळ्या मोकळ्या सोडण्याची प्रथा असल्याने, आजूबाजूचे रान सुकलेले असताना एकट्या हिरव्या तुकड्यावर त्यांची नजर जाणे साहजिक आहे. करवंदीच्या काट्यांचे कुंपण एक हंगाम टिकते. मोगली एरंड व शेर यांचे जिवंत कुंपण अधिक टिकाऊ असते, कारण त्याला जनावरे तोंड लावत नाहीत. कोंबड्यांवर मात्र कोणतेच कुंपण पुरेसे पडत नाही. मेथी-पालकाच्या वाफ्यावर रोपे बोटभर होईपर्यंत काट्या पसरून ठेवाव्या लागतात.

## फुले

परसबागेतील फुलझाडांचे दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार भाजीच्या सोबतीला लावलेल्या फुलांचा. झेंडूची ओळ टोमॅटो व वांग्याच्या कडेने लावतात. झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतील सूत्रकृमींचे प्रमाण कमी होते आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटोऐवजी झेंडूवर अंडी घालतो. जूनच्या अखेरीस लावलेला झेंडू दसरा-दिवाळीला फुलतो आणि घरच्या तोरणाला लागून उरलेली फुले बाजारात विकली जातात.

दुसरा प्रकार विक्रीसाठीच्या मोगऱ्याचा. गेल्या काही दशकांत जव्हार आणि शेजारच्या विक्रमगड तालुक्यात मोगऱ्याची लागवड वाढली असून तेथील कळ्या मुख्यतः मुंबईत दादरच्या फूलबाजारात जातात. पावसाळ्याच्या आरंभी लावलेल्या झाडांचे पाणी हिवाळ्यात काही काळ तोडून छाटणी केली जाते. छाटणीनंतर खत-पाणी सुरू केले की फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत कळ्यांचा बहर मिळतो. कळी उमलण्यापूर्वी, पहाटे उजाडण्याच्या सुमारास तोडावी लागते आणि त्याच दिवशी बाजारात पोहोचवावी लागते. त्यामुळे गावापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा प्रवास आणि गाडीची वेळ यांवर भाव ठरतो. लग्नसराईत भाव चढतो व मध्येच कोसळतो. मोगऱ्याचा बहर नेमका त्याच महिन्यांत येतो ज्या महिन्यांत येथील कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात, ही या पिकाची खरी किंमत आहे. राज्यात गुलाब, निशिगंध यांच्याबरोबर मोगऱ्याच्या लागवडीलाही रोजगार हमी योजनेखाली मदत मिळते. पण पाण्याशिवाय मोगरा फुलत नाही, म्हणून ज्यांच्याकडे विहीर नाही त्यांना या योजनेचा लाभ मर्यादित राहतो.

## परसभाजीचा स्वयंपाक

येथील रोजच्या जेवणात नागलीची किंवा तांदळाची भाकरी, भात, उडदाची वा तुरीची डाळ आणि एखादी भाजी किंवा चटणी असते. भाजी करण्याची रीत थोडक्यात आटोपणारी आहे. थोड्या तेलावर लसूण व हिरवी मिरची परतून त्यात भाजी घालतात, मीठ टाकून झाकण ठेवतात आणि भाजीच्या अंगच्या पाण्यावर शिजवतात. खोबरे व मसाल्यांचा वापर कमी असतो. दुधी, वांगी किंवा शिराळ्यात मूठभर सुकट वा बोंबलाचे तुकडे घालण्याची पद्धत सर्वत्र आहे. किनाऱ्यावरील डहाणू-पालघरकडून येणारी सुकी मासळी आठवडी बाजारात मिळते आणि ती भाजीला चव व प्रथिने दोन्ही पुरवते. खुरासणीची भाजून कुटलेली चटणी भाकरीबरोबर खातात.

एकाच वेलाचे अनेक भाग खाणे हे या स्वयंपाकाचे वैशिष्ट्य आहे. भोपळ्याचे कोवळे शेंडे व पाने शिरा काढून पालेभाजीसारखी करतात. नर फुले पिठात घोळवून तव्यावर भाजतात, मादी फुले मात्र फळासाठी राखतात. कोवळ्या फळाची भाजी होते आणि पिकलेला भोपळा छपरावर किंवा माळ्यावर ठेवल्यास कित्येक महिने टिकतो. त्याच्या बिया भाजून मुलांना खायला देतात. शिराळ्याच्या कापून काढलेल्या शिरा परतून चटणी केली जाते.

काकडीचे महत्त्व वेगळे आहे. पावसाळी काकडी कोवळी असताना मीठ-मिरचीबरोबर कच्ची खातात. जून झालेली काकडी किसून, तिच्याच पाण्यात तांदळाचे पीठ भिजवून, थोडा गूळ किंवा मीठ घालून ते मिश्रण पानात गुंडाळून वाफवतात किंवा तव्यावर भाजतात. त्यासाठी हळदीची अथवा चवईची, म्हणजे रानकेळीची, पाने वापरतात. नव्या भाताचे पीठ आणि शेवटच्या बहरातील काकडी एकाच वेळी हाती येत असल्याने हा पदार्थ भात कापणीच्या दिवसांत केला जातो. हळदीच्या पानाचा वास हीच त्याची फोडणी.

काही भाज्या शिजवताना दक्षता घ्यावी लागते. अळू, सुरण व शेवळा यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असल्याने घसा खवखवतो. अळू व सुरणात चिंच किंवा आमसूल घालतात. शेवळ्याबरोबर मात्र काकडाच्या झाडाची आंबट फळे शिजवण्याची रीत आहे आणि बाजारात शेवळ्याच्या जुडीसोबत ही फळे मिळतात. करांद्याचे काप करून ते उकडतात व पहिले पाणी टाकून देतात. काही रानकंद चुकीच्या पद्धतीने खाल्ल्यास विषबाधा होऊ शकते. त्यांची ओळख अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावी.

पालेभाज्या चिरल्यानंतर न धुता आधी धुऊन मग चिराव्यात, थोड्या तेलात शिजवाव्यात आणि वरून लिंबू पिळावे, असे अंगणवाडीतून सांगितले जाते. यामागे शास्त्रीय कारणे आहेत. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे चिरलेल्या भाजीतून धुऊन जातात, ‘अ’ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य शोषले जाण्यासाठी स्निग्ध पदार्थ लागतो आणि ‘क’ जीवनसत्त्वामुळे भाजीतील लोह अधिक शोषले जाते. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून त्याची पूड डाळीत किंवा भाकरीच्या पिठात मिसळता येते. उन्हाळ्यात ताजी पालेभाजी नसते तेव्हा हीच पूड उपयोगी पडते.

## कुपोषण आणि परसबागेचे कार्यक्रम

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषण व आजारांमुळे झालेल्या बालमृत्यूंनी राज्यभर खळबळ उडाली आणि जव्हार-मोखाड्याचे नाव कुपोषणाशी जोडले गेले. त्यानंतरच्या काळात आरोग्य व आहाराच्या अनेक योजना या भागात आल्या आणि परसबाग हा त्यांचा एक नेहमीचा घटक बनला.

यातील एक प्रवाह ‘वाडी’ कार्यक्रमाचा आहे. बाएफने १९८२ मध्ये गुजरातमधील वांसदा येथे आदिवासी कुटुंबांसाठी सुरू केलेल्या या पद्धतीत सुमारे एक एकर उताराच्या जमिनीवर आंबा व काजूची कलमे, कडेने वनझाडांचे कुंपण आणि झाडे मोठी होईपर्यंत मधल्या जागेत भाजीपाला व फुले घेतली जातात. पुढे नाबार्डच्या आदिवासी विकास निधीतून हा नमुना अनेक राज्यांत नेण्यात आला. जव्हार-मोखाड्यातही अशा वाड्या उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचीही त्यास जोड मिळाली. दुसरा प्रवाह शाळा, आश्रमशाळा, अंगणवाड्या आणि महिला बचत गटांमार्फत राबवलेल्या पोषण परसबागांचा आहे. त्यांत आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात वाफे, अशी गोलाकार मांडणी लोकप्रिय आहे. ती दिसायला नीटनेटकी असते व फोटोत चांगली दिसते. लहान, उताराच्या अंगणात मात्र समपातळीत आडवे वाफे अधिक सोयीचे ठरतात. डहाणू तालुक्यातील कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्र हे या जिल्ह्यातील शेतकऱ्यांसाठी प्रशिक्षणाचे केंद्र आहे.

परसबागेकडून किती अपेक्षा ठेवावी, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने दररोज किमान ३०० ग्रॅम भाज्या खाव्यात. म्हणजे पाच जणांच्या कुटुंबाला दिवसाला सुमारे दीड किलो भाजी हवी. पावसाळ्यात चांगला मांडव असलेले घर याच्या बरेच जवळ जाते. भाजीपाल्यातून लोह, ‘अ’ व ‘क’ जीवनसत्त्व, फॉलिक आम्ल मिळते आणि रक्तक्षयाच्या दृष्टीने ते मोलाचे आहे. परंतु तीव्र कुपोषित बालकाला प्रथम हवी असते ती ऊर्जा, प्रथिने आणि संसर्गावर उपचार. दुधी-काकडीत ऊर्जा फारच थोडी असते आणि लहान मुलाचे पोट तेवढ्यानेच भरते. डाळ, तेल, अंडी यांना परसबाग हा पर्याय नाही. गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचे पूर्ण जेवण देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून आदिवासी भागांत सुरू आहे; अंगणवाडीची परसबाग त्या जेवणातील भाजीला हातभार लावते, त्या जेवणाची जागा घेत नाही.

## स्थलांतर

दिवाळीनंतर जव्हार व मोखाड्यातील अनेक कुटुंबे वसई, भिवंडी, ठाणे, नाशिक या भागांत वीटभट्ट्या, बांधकामे आणि अन्य मजुरीसाठी जातात व पावसाच्या तोंडावर परततात. मुले बहुधा आईवडिलांबरोबर जातात. हिवाळी परसबागेच्या योजनेत बियाण्यांची पाकिटे दिली जातात ती पुष्कळदा याच सुमारास. ज्या घराला कुलूप लागणार आहे तेथे मेथी पेरून उपयोग नसतो. भट्टीवरील झोपडीलगत परसाला जागा नसते, पाणी मोजके असते आणि भाजी आठवडी बाजारातून विकत घ्यावी लागते. ती कांदा-बटाट्यापुरतीच राहते.

गावात मागे राहिलेली वृद्ध माणसे परसाकडे लक्ष देतात, पण सर्व वाफ्यांना पाणी घालणे त्यांना शक्य नसते. त्यामुळे स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत परसबागेची आखणी वेगळी करावी लागते. वाफ्यांऐवजी शेवगा, हादगा, कढीपत्ता, लिंबू अशी एकदा मूळ धरली की थोड्या पाण्यावर तगणारी झाडे, आणि सुरण, करांदा, कोनफळ, हळद, करटोली असे उन्हाळाभर जमिनीत निपचित राहणारे कंद, यांवर भर देणे सयुक्तिक ठरते. झाडांना पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी मिळाले पाहिजे. ते शेजाऱ्याने किंवा घरातील वडीलधाऱ्याने द्यायचे, असा आपसांतला करार करता येतो. कंदांना तेवढीही गरज नसते. अक्षय्य तृतीयेनंतर माणसे परतू लागतात, कुडावर थापलेल्या बिया खरवडल्या जातात, आणि मृगाचा पाऊस पडला की सुरणाचा कोंब आधी वर येतो.